टोपलीतला चेंडू

मंडळी, पावसाची झड लागली की शाळेतली मुले आवरणे किती कठीण असते, हे शिक्षकांना मी सांगायला नको. मैदानात चिखल, बाहेर जाण्याची सोय नाही, आणि चार भिंतींत चाळीस मुलांचा धुडगूस! आज ज्या खेळाची हकीकत तुमच्यापुढे ठेवायची आहे, तो असल्याच अडचणीतून जन्माला आला. तिथे पावसाऐवजी बर्फ होते, एवढाच काय तो फरक. या खेळाचे नाव बास्केटबॉल.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचे शहर आहे. तिथे वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेची कार्यकर्ते तयार करणारी एक शाळा होती. साल १८९१. हिवाळ्यात फुटबॉल बंद, बेसबॉलला अजून अवकाश. मधले महिने व्यायामशाळेत नुसती कवायत. अठरा जणांचा एक वर्ग या कवायतीला अगदी विटून गेला होता. बरे, ही काही लहान पोरे नव्हती, चांगले मिशा फुटलेले बाप्ये होते. दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले. तेव्हा व्यायामविभागाचे प्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग जेम्स नेस्मिथ या तीस वर्षांच्या मास्तरांकडे सोपवला आणि बजावले, ‘चौदा दिवसांत छपराखाली खेळता येईल असा एखादा खेळ काढा.’

नेस्मिथ मूळचे कॅनडाचे. आईबाप लहानपणीच वारलेले. खेड्यात नातेवाइकांच्या घरी वाढलेले. त्यांनी आधी सोपा मार्ग धरला. बाहेरचे खेळ थोडे बदलून आत खेळून पाहिले. पण फुटबॉल म्हटला की अंगावर पडणे आले, आणि खाली गवताऐवजी लाकडी फळ्या! लॅक्रॉसच्या काठ्या तेवढ्या जागेत एकमेकांच्या तोंडावर बसू लागल्या. दिवस संपत आले आणि एकही खेळ जमेना.

मग मास्तर शांतपणे विचार करू लागले. खेळात दांडगाई का होते? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवावे लागते म्हणून. तर मग चेंडू घेऊन पळूच नये! जिथे झेलला तिथूनच दुसऱ्याकडे टाकावा. हा झाला पहिला विचार. दुसरा विचार गोलाचा. गोल समोर उभा असला की जो तो जोर लावून चेंडू मारतो. तो उंचावर आडवा ठेवला तर? मग चेंडू अलगद, कमान करून वर टाकावा लागेल. तिथे दंडाची ताकद कामाची नाही, नेम हवा.

ही कल्पना त्यांना लहानपणीच्या एका खेळावरून सुचली. मोठ्या खडकावर एक धोंडा ठेवायचा आणि लांबून दगड मारून तो पाडायचा. राखणदार गडी जवळ उभा. आपल्या लगोरीचाच लांबचा भाऊ म्हणा ना! जो जोरात मारी, त्याचा दगड चुकून लांब जाई आणि तो आणता आणता गडी बाद होई. जो कमान करून टाके, त्याचा दगड जवळच पडे. पोरवयात पाहिलेली ही गोष्ट मास्तरांना ऐन वेळी आठवली.

त्यांनी शाळेच्या रखवालदाराकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, सप्ताळूच्या दोन टोपल्या होत्या. त्या त्यांनी दोन्ही टोकांना सज्जाच्या कठड्यावर ठोकल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच निघाला. आज जगभर बास्केटबॉलची कडी ३.०५ मीटरवर, म्हणजे त्याच दहा फुटांवर असते. तेरा नियम लिहून फळ्यावर लावले, नऊ-नऊ गडी वाटून घेतले आणि फुटबॉलचा चेंडू वर उडवला.

पुढे काय झाले, याच्या दोन हकीकती आहेत, आणि दोन्ही नेस्मिथ यांच्याच. पुस्तकात ते लिहितात की, चेंडू घेऊन पळायचे नाही हा नियम त्यांनी आधीच विचार करून ठरवला होता. पण १९३९ साली न्यूयॉर्कच्या रेडिओवर बोलताना त्यांनी निराळेच सांगितले. पहिल्याच खेळात हाणामारी झाली, एक जण बेशुद्ध पडला, कितीकांचे डोळे काळेनिळे झाले. त्यानंतर नियम बदलले, आणि पळण्याची बंदी हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा. खरे कोणते? इतिहासात असे पेच पडतात. मला वाटते, मुलांना दोन्ही सांगाव्यात. शिक्षकाचा आराखडा पहिल्याच दिवशी पार पडला, असे क्वचितच घडते.

आता या खेळाची मूळ अंगे पाहू. त्यांचे मर्म या हकीकतीतच आहे. चेंडू हातात धरून पळता येत नाही. मग पुढे जायचे कसे? एक तर सोबत्याकडे फेकून, नाही तर एका हाताने जमिनीवर आपटत आपटत. ही आपटण्याची युक्ती मूळच्या तेरा नियमांत नव्हती. अडकलेल्या खेळाडूंनीच ती शोधून काढली. पण एकदा आपटणे थांबवून चेंडू हातात धरला की पुन्हा आपटायचे नाही. तेव्हा एक पाय जागीच रोवून दुसरा हवा तिकडे फिरवावा आणि सोबती शोधावा. फेक छातीपासून दोन्ही हातांनी करावी. प्रतिपक्षाचे हात वर असतील तर चेंडू एक टप्पा घेऊन द्यावा. टोपलीकडे टाकताना गुडघे किंचित वाकवावे, मनगट सैल ठेवावे आणि चेंडूला कमान द्यावी. ढकलणे, धरणे, पाय घालणे पहिल्या दिवसापासून निषिद्ध आहे. आज आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ज्याचे पाच अपराध भरतात, तो बाहेर जातो. १८९७ पासून संघात गडी पाच. साध्या टोपलीला २ गुण, ६.७५ मीटरच्या कमानीबाहेरून टाकल्यास ३, आणि दंडाच्या फेकीला १.

एक गंमत सांगतो. त्या टोपल्यांना बूड होते! प्रत्येक वेळी कोणीतरी वर जाऊन चेंडू काढायचा. उघड्या बुडाची जाळी सर्रास रूढ व्हायला वीसएक वर्षे लागली. सोपी गोष्ट सुचायलाच वेळ लागतो, हे वर्गात जरूर सांगा.

मुलींनीही हा खेळ लगेच उचलला. स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने १८९३ मध्ये मुलींचा सामना भरवला. पुरुषांना आत मज्जाव होता. आपल्या देशात हा खेळ वाय. एम. सी. ए. मार्फत आला. मद्रासला १९२० मध्ये निघालेल्या तिच्या व्यायाम महाविद्यालयातून शिकलेले शिक्षक ठिकठिकाणी गेले. १९५० मध्ये भारतीय महासंघ स्थापन झाला. मुंबईच्या नागपाड्याच्या दाट वस्तीत हा खेळ असा रुजला की, तिथले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

खेड्यातल्या शाळेला हे झेपेल का? का नाही? खांब रोवा, लोहाराकडून ४५ सेंटिमीटर व्यासाची कडी करून घ्या, जमीन चोपून घट्ट करा. लहान मुलांसाठी कडी २.६० मीटरवर बांधा. मात्र चिखलात खेळू नका. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचा अंतिम सामना उघड्यावर, भर पावसात झाला. चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९–८ असे हरवले. एवढे कमी गुण!

त्या ऑलिंपिकला वृद्ध नेस्मिथ हजर होते. अमेरिकेत ते कॅन्सस विद्यापीठात शिकवीत. तिथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. ज्याने खेळ निर्माण केला, त्याच्या पदरी जयापेक्षा पराजय जास्त! पण त्यांना काळजी होती ती एका वर्गाची. अठरा कंटाळलेले विद्यार्थी पुन्हा हौसेने वर्गात येऊ लागले, तिथेच मास्तर जिंकले होते.