एकीचा गुन्हा आणि सगळ्यांचा स्वभाव : ताराबाई शिंदे यांनी केलेली तुलना

एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणांविषयी बोलताना एक गोष्ट नेहमी जाणवते. विषय बायकांचा असतो आणि बोलणारे पुरुष असतात. आज आपण एका बाईचं म्हणणं ऐकणार आहोत. पण त्याआधी एक खटला समजून घेऊ, कारण त्या बाईने लेखणी उचलली ती या खटल्याच्या निमित्ताने.

साल १८८१. सुरत जिल्ह्यातली विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा. तिला मूल झालं आणि ते तिने मारलं, हा आरोप शाबीत झाला. सुरतेच्या सेशन कोर्टाने तिला फाशी सुनावली. अपिलात फाशी टळली, काळं पाणी झालं, आणि पुढे तीही शिक्षा कमी करण्यात आली. या सगळ्यात मुलाच्या बापाचं काय? त्याने मूल मारलं नव्हतं, म्हणून कायद्याला तो दिसत नव्हता. समाजाला तर तो बघायचाच नव्हता.

बरं, हे प्रकरण एकटं होतं का? मुळीच नाही. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता, पण वरच्या जातींत तो बहुतेक कागदावरच राहिला. मुलीचं लग्न लहानपणी करायचं, नवरा गेला की तिला जन्मभर तसंच ठेवायचं, घरातल्या किंवा शेजारच्या पुरुषापासून दिवस गेले तर मात्र तिला घरात जागा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते काही उगीच नाही. म्हणजे बघा, ज्याला कारण शोधायचं होतं त्याला ते या खटल्याच्या अठरा वर्षं आधीच सापडलं होतं.

वर्तमानपत्रांना मात्र वेगळंच कारण सापडलं. विजयालक्ष्मीच्या खटल्यावर बरीच लिखापढी झाली. 'पुणेवैभव' या सनातनी वळणाच्या पत्राने या निमित्ताने एकूण बायकांच्याच वागणुकीवर तोंडसुख घेतलं. बायका बिघडल्या, सैल सुटल्या, असा सूर. गुन्हा एकीचा, आणि आरोपपत्र सगळ्यांवर.

हे वाचून एक बाई चिडली. वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून होते आणि सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. ताराबाईंचं 'स्त्री-पुरुष तुलना' हे छोटंसं पुस्तक १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

आता हे पुस्तक रागाचं आहे, हे सगळेच सांगतात. ते खरंही आहे. पण आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, त्यामुळे आमचं लक्ष रागापेक्षा युक्तिवादाकडे जातं. आणि तो युक्तिवाद पुस्तकाच्या नावातच आहे. नाव 'स्त्रियांची बाजू' नाही, 'स्त्रियांची कैफियत' नाही. 'तुलना' आहे. का?

आपल्याकडे न्यायदर्शनात एखाद्या गोष्टीचं लक्षण सांगताना होणारे दोष दिले आहेत. 'गाय म्हणजे पांढरं जनावर' असं कुणी म्हटलं, तर काळी गाय त्यातून सुटते. ही झाली अव्याप्ती. आणि 'गाय म्हणजे शिंगं असलेलं जनावर' असं म्हटलं, तर म्हैसही त्यात येते. ही अतिव्याप्ती. पहिल्यात लक्षण सगळ्यांना लागू पडत नाही, दुसऱ्यात ते भलत्यालाही लागू पडतं.

'बाई म्हणजे कपटी, चंचल, अविश्वासू.' या विधानाला दोन उत्तरं देता येतात. पहिलं, 'सगळ्या बायका तशा नसतात.' हे अव्याप्तीचं उत्तर. बायकांची कड घेणारी सज्जन माणसं हेच उत्तर द्यायची, अजूनही देतात. ते खोटं नाही. पण त्याने होतं काय? बाई पिंजऱ्यातच उभी राहते. फक्त चांगली कोण आणि वाईट कोण, याची निवड सुरू होते, आणि निवड करणारा खुर्चीवरून हलत नाही.

ताराबाईंनी दुसरं उत्तर निवडलं, अतिव्याप्तीचं. बायकांचे दुर्गुण म्हणून जी जुनी यादी संस्कृत सुभाषितांपासून चालत आली आहे, ती त्यांनी एकेक कलम करून तपासायला घेतली. साहस म्हणता? कपट म्हणता? अविश्वास म्हणता? मग हे सगळं पुरुषांत नाही का? फसवून टाकून देणारा कोण? लाच खाणारा कोण? त्या तराजूच्या एका पारड्यात बाई आधीच बसवलेली होती. ताराबाईंनी फक्त दुसऱ्या पारड्यात न्यायाधीशाला बसवलं. म्हणून तुलना.

त्यांचे प्रश्न अगदी घरगुती आहेत. बायको मेली की पुरुष दुसरी करतो, मग बाईने तसं का करू नये? सावित्री नवऱ्यासाठी यमापर्यंत गेली, बायकोसाठी कुणी नवरा त्या वाटेला लागल्याचं ऐकलंय का? पुरुषांनी साहेबाचा पोशाख घेतला, साहेबाचं खाणंपिणं घेतलं, आणि धर्म सांभाळायचा तो बायकांनीच? कथा-कादंबऱ्यांतल्या आणि 'स्त्रीचरित्र'सारख्या पुस्तकांतल्या बायकांच्या चित्रणावरही त्यांनी टीका केली. वर्तमानपत्र आणि करमणुकीचं पुस्तक मिळून बाईची एक प्रतिमा घडवतात, आणि ती प्रतिमा मग कोर्टाबाहेर साक्षीला उभी राहते, हे या बाईने १८८२ मध्ये ओळखलं होतं.

पुस्तकात उणिवा नाहीत असं आम्ही म्हणणार नाही. वेश्यांबद्दल लिहिताना ताराबाईंची लेखणी कठोर होते, तिथे त्या स्वतःच ठरीव साच्यात बोलतात. साचा असा असतो. त्याच्याविरुद्ध लढणाऱ्यालाही तो थोडासा चिकटतोच.

पुढे काय झालं? टीका झाली, आणि सत्यशोधक मंडळींतूनही झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'मधून ताराबाईंची बाजू घेतली. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला मिळत नाही. हे एक पुस्तकही विस्मरणात गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून समोर आणलं. मध्ये नव्वदहून जास्त वर्षं गेली. तेवढ्या काळात आमच्यासारख्या किती जणांनी मराठी गद्य आणि समाजसुधारणा या बाईचं नावही न घेता शिकवली असेल.

'आता काळ बदलला' असं कुणी म्हणेल. पुनर्मुद्रणाच्या आसपासचंच एक प्रकरण पाहा. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिने विरोध केला नसणार, असा तर्क होता. खरी बाई असली तर ती लढलीच पाहिजे, हा तो साचा. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ मध्ये न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली. बायकांविषयीचे कोणते शब्द आणि कोणती गृहीतकं निकालपत्रात नकोत, हे त्यात सांगितलंय. तिथवर यायला १८८२ पासून १४१ वर्षं लागली.

आता शेवटी आमच्याबद्दल थोडं. वर्गात घाईच्या सामान्यीकरणाचं उदाहरण म्हणून आम्ही बरीच वर्षं बायकांच्या गाडी चालवण्यावरचा एक विनोद सांगायचो. मुलं हसायची. हेतू चांगला होता, असं सामान्यीकरण चूक असतं हेच शिकवायचं होतं. एकदा तासानंतर एक विद्यार्थिनी थांबली आणि म्हणाली, "सर, चूक आम्हाला कळली. पण हसताना सगळ्यांना ती खरीच वाटत होती." आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही उदाहरण बदललं, पण त्याला फार उशीर झाला होता.

तेव्हा मंडळी, एक छोटी सवय लावून घेऊ. बातमीत, मालिकेत, घरच्या गप्पांत 'बायका अशाच असतात' हे वाक्य आलं की 'सगळ्या नसतात' म्हणून थांबू नका. ताराबाईंसारखं विचारा, 'आणि पुरुष?' एवढंच.