आरामबागची गोदामे आणि न झालेला करार

फेब्रुवारी १९४४. बंगालच्या हुगळी जिल्ह्यातील आरामबाग येथे सरकारला साठवणुकीसाठी तात्पुरती गोदामे हवी होती. बी. के. मंडल अँड सन्स या कंत्राटदार पेढीने ती बांधून देण्याची तयारी दाखवली आणि नागरी पुरवठा खात्याने पत्राने होकार कळवला. गोदामे उभी राहिली. जुलैमध्ये ३९,४७६ रुपयांचे देयक चुकतेही झाले.

हा थ्रेड त्यानंतरच्या कामाविषयी आहे. ते काम एप्रिलमध्ये सुरू झाले आणि त्याच्या पैशांचा निकाल लागला डिसेंबर १९६१ मध्ये.

आधी काळ ध्यानात घ्यावा. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. १९४३ च्या दुष्काळाने बंगालमध्ये किती बळी घेतले याचे अंदाज १५ लाखांपासून ३० लाखांपर्यंत जातात. धान्य मिळवणे, साठवणे, वाटणे हे सारे नागरी पुरवठा खात्याच्या गळ्यात पडले होते. अशा वेळी अधिकारी कागद पुरा होण्याची वाट पाहत बसत नाहीत, आणि त्यांनी तसे बसावे असे कोणी म्हणणारही नाही.

एप्रिलमध्ये स्थानिक अधिकाऱ्यांनी याच पेढीकडून कच्चा रस्ता, पहारेकऱ्यांची खोली, कचेरी, स्वयंपाकघर आणि कारकुनांसाठी खोली यांचा अंदाजखर्च मागवला. वरिष्ठ अधिकाऱ्याने काम सुरू करण्यास सांगितले. काम झाले. देयक २,३२२ रुपये ८ आण्यांचे. मग साठवणुकीच्या आणखी शेड बांधून घेतल्या गेल्या. त्यांचे देयक १७,००३ रुपयांचे. सरकारने दोन्ही बांधकामे वापरली, पैसे मात्र दिले नाहीत. पेढी न्यायालयात गेली.

सरकारचा बचाव चतुर होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील कलम १७५(३) नुसार प्रांताचा प्रत्येक करार गव्हर्नरच्या नावाने व्यक्त झालेला असावा आणि त्यावर अधिकृत व्यक्तीनेच सही केलेली असावी, असे बंधन होते. इथे तसा दस्तऐवज नव्हता. म्हणून करारच झाला नाही, आणि करार नाही तर देणे नाही.

हा नियम निरर्थक नव्हता. खजिना जनतेचा असतो. कुठल्याही अधिकाऱ्याच्या तोंडी शब्दाने तो बांधला जाऊ लागला, तर संगनमताला रान मोकळे होते. प्रश्न एवढाच होता की जनतेच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण सरकारला फुकट शेड मिळवून देण्यासाठी वापरता येते का?

पेढीने आधार घेतला १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम ७० चा. हे कलम ‘करारसदृश संबंधां’च्या प्रकरणात येते. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई द्यावी किंवा वस्तू परत करावी. कायद्यातच एक छोटे उदाहरण दिले आहे: व्यापारी चुकून दुसऱ्याच्या घरी माल ठेवून जातो आणि घरमालक तो आपलाच समजून वापरतो. मग त्याने पैसे मोजले पाहिजेत. करार कोठेच नाही, तरीही.

कलकत्ता उच्च न्यायालयात पेढी जिंकली. सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. तोवर देश स्वतंत्र झाला होता, बंगालची फाळणी झाली होती आणि ऋणकोचे नाव ‘पश्चिम बंगाल राज्य’ असे झाले होते. पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा प्रमुख निकाल लिहिला मूळचे सातारचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. पुढे १९६४ मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले.

त्यांनी सरकारचा पहिला मुद्दा मान्य केला: करार झालेला नाही. पण कलम ७० करार अमलात आणत नाही. करार नसतानाच ते लागू होते. म्हणून १७५(३) शी त्याचा संघर्ष नाही. सरकारवर बळजबरीही होत नाही, कारण नको असलेली वस्तू नाकारण्याची मुभा त्याला असतेच. शेड नको असतील तर ‘काढून न्या’ म्हणता आले असते. ठेवून घेतल्या, वापरल्या, तेव्हा मोबदला आला. अपील फेटाळले गेले.

या तर्काची धार दुसऱ्या बाजूनेही लागते, आणि तीच बाब अनेकदा विसरली जाते. त्याच १९६१ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका धान्य व्यापाऱ्याचा खटला निकालात काढला. १९४३ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेच्या अधिकाऱ्याने त्याच्याकडून धान्य खरेदीचे आदेश दिले. काही माल रेल्वेने घेतला आणि त्याचे पैसे दिले. उरलेला घेण्यास नकार दिला. व्यापाऱ्याने तो लिलावात विकला आणि नुकसानभरपाई मागितली. येथेही करार गव्हर्नर-जनरलच्या नावाने झालेला नव्हता. व्यापारी हरला. उरलेला माल रेल्वेच्या ताब्यात गेलाच नव्हता. मग लाभ कसला आणि मोबदला कसला?

म्हणजे कागद अपुरा असताना काम पूर्ण करून ताब्यात देणारा तरतो. माल खरेदी करून, मजूर लावून वाट पाहत बसलेला बुडतो. हा भेद तर्कशुद्ध आहे. दोघांनाही न्याय्य वाटेल असा मात्र नाही. जिंकणाऱ्यालाही मिळते ते केलेल्या कामाचे मोल. मोडलेल्या कराराची नुकसानभरपाई त्याला मागता येत नाही.

१७५(३) चा वारसा भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९९ मध्ये उतरला, फक्त गव्हर्नर-जनरलच्या जागी राष्ट्रपती आले. आजही केंद्र सरकारच्या कंत्राटात सहीच्या जागी ‘भारताच्या राष्ट्रपतींच्या वतीने’ अशी ओळ आढळते, मग काम पुलाचे असो वा कारकुनाच्या खोलीचे.