‘चाती’ : प्राचीन इजिप्तमधील एका राजपदाचा अर्थ



‘वजीर’ हा शब्द आपणांस बुद्धिबळाच्या पटामुळे परिचित आहे. प्राचीन इजिप्तच्या इतिहासग्रंथांतही तो वारंवार भेटतो. परंतु नाईलकाठच्या त्या दरबाराने तो कधीच ऐकला नव्हता. अब्बासी खलिफांच्या काळात प्रतिष्ठा पावलेले हे अरबी पदनाम आधुनिक अभ्यासकांनी मागाहून तेथे योजिले. मूळ पदनाम होते ‘चाती’.

सक्कारा येथील जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली दगडी भांडी सापडली. त्यांवरील लेखांत मेन्का नावाच्या अधिकाऱ्यास हे पद लावलेले आहे. काळ दुसऱ्या राजवंशाचा, म्हणजे इ.स.पूर्व २७०० च्या आसपासचा. पुढे ‘ताइती साब चाती’ असे तिहेरी बिरुद रूढ झाले. ‘चाती’च्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत एकमत नाही. ‘साब’ हा न्यायाधिकाराचा निदर्शक मानला जातो, तर ‘ताइती’ म्हणजे पडद्याचा अधिकारी. राजा आणि प्रजा यांच्यामधील पडद्यापाशी उभा असलेला पुरुष, असा भाव मला या शब्दात दिसतो. चौथ्या राजवंशात हे पद प्रायः राजकुळातच राहिले. पुढे ते इतर घराण्यांकडेही गेले.

पदाचा खरा अर्थ मात्र व्युत्पत्तीपेक्षा कर्तव्यातून उलगडतो. इ.स.पूर्व पंधराव्या शतकात थुतमोस तिसरा याच्या राजवटीत रेखमिरे हा चाती होता. थीब्झ येथील त्याच्या थडग्याच्या भिंतींवर पदग्रहणप्रसंगी राजाने केलेला उपदेश लिहिलेला आहे. हे पद गोड नसून कडू आहे, असे राजा त्याला प्रारंभीच बजावतो. ओळखीचा आणि अनोळखी, जवळचा आणि दूरचा, यांस एकाच दृष्टीने पाहावे, असे सांगून तो खेती नावाच्या पूर्वीच्या एका चातीचे उदाहरण देतो. पक्षपाताचा आरोप येईल या भयाने खेतीने आपल्याच आप्तांविरुद्ध निवाडे दिले. कोणी दाद मागितली तरी तो हटला नाही. राजाने त्याची प्रशंसा केली नाही. न्यायाची मर्यादा ओलांडणे हाही अन्यायच, असा त्या उपदेशाचा आशय आहे.

आप्तांवर कृपा करणारा अधिकारी आपण सहज ओळखतो. स्वतःच्या निःस्पृहतेची कीर्ती राखण्यासाठी आप्तांचा बळी देणारा मात्र आपणांस थोर वाटतो. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या भिंतीने हा भेद ओळखला होता. पद स्वीकारणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानी ठेवावा, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.