कर्वे पुतळ्यापाशी विचारलेला प्रश्न

गेल्या रमजानमधली गोष्ट. रोजा सोडायला अजून तासभर होता आणि मी भाच्यासोबत कोथरूडच्या कर्वे पुतळ्याच्या स्टॉपवर बसची वाट पाहत उभा होतो. पोरगा इंजिनिअरिंगला आहे, वाचणारा आहे. एकदम म्हणाला, "मामू, मी रोजा ठेवतो तो अम्मीला वाईट वाटू नये म्हणून. वर कोणी ऐकतंय असं मला आतून वाटत नाही. हे घरात बोललो तर काय होईल?"

बस आली, गर्दी होती, विषय तिथेच राहिला. पण माझ्या मनातून गेला नाही. आपल्यासारख्या ईमानवाल्या माणसांना शंका घेणाऱ्याशी वाद घालता येतो, त्याच्यासाठी दुआ मागता येते, त्याच्यावर रागावता येतं. त्याच्यासोबत नांदायचं कसं, हे मात्र आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. गंमत अशी, की ज्या पुतळ्याखाली हा प्रश्न विचारला गेला, त्या माणसाच्या आयुष्यात याच प्रश्नाचा मोठा इतिहास गुंतलेला आहे. तो सांगण्यासाठी हा लेख.

आपल्याकडे धर्मचर्चा म्हटलं की मुनाझरा आठवतो. 1854 च्या एप्रिलमध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी फांडर यांच्यात दोन दिवस वाद झाला. बायबलच्या शुद्धतेवरून मौलानांनी पाद्र्याला पेचात पकडलं, ही कथा आपले वडीलधारे अजून रंगवून सांगतात. मुंबईतही असंच वातावरण होतं. 1857 च्या सुरुवातीला विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत आणि ऐकायला गर्दी जमे.

या वादांचा रिवाज ठरलेला होता. दोन बाजू, मध्ये श्रोते, आणि शेवटी कोण हरलं याची चर्चा. पण एक गोष्ट आपण विसरतो. या वादांत दोन्हीकडचे लोक ईश्वर मानणारेच होते. भांडण होतं ते कोणाचा ग्रंथ खरा, यावर. 'ईश्वर आहे हे कशावरून?' असं विचारणारा तिसरा माणूस अजून मंडपात आलेला नव्हता. तो आला पुण्यात, कॉलेजात मिल आणि स्पेन्सर वाचून. त्याचं नाव गोपाळ गणेश आगरकर.

आगरकर 1856 साली कऱ्हाडजवळच्या टेंभूला जन्मले. 'केसरी'चे संपादक झाले, सामाजिक सुधारणांवरून टिळकांशी बिनसल्यावर बाहेर पडले आणि 1888 मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. बालविवाह, विधवांचं केशवपन, संमतिवय अशा विषयांवर ते लिहीतच, पण त्याच्याही मुळाशी गेले. देवांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उपजल्या असतील, याचा त्यांनी शोध घेतला. माणसानं चांगलं वागावं यासाठी परलोकाच्या भीतीची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्याच्या सनातनी मंडळींनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. पण त्यांच्या स्वतःच्या घरात यशोदाबाईंचं देवाधर्माचं चालू असे. 1895 मध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आतच, आगरकर गेले.

दुसऱ्या बाजूला पंडिता रमाबाई. 1858 चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. आईवडील दुष्काळात गेले. भावासोबत पायी हिंडत रमाबाई कलकत्त्याला पोहोचल्या आणि 1878 मध्ये तिथल्या पंडितांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. लग्न झालं, दोन वर्षांच्या आत वैधव्य आलं. 1882 मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे स्त्रीशिक्षणाची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि सप्टेंबर 1883 मध्ये वाँटेजच्या मठात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुण्यात हलकल्लोळ झाला. लोकांना वाटलं, बाई गेल्या, संपलं. प्रत्यक्षात त्यांचा वाद तिथे सुरू झाला, आणि तो हिंदूंशी नव्हता, नास्तिकांशीही नव्हता. तो ज्यांनी त्यांना ख्रिस्ती केलं त्यांच्याशीच होता. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांना त्यांनी पत्रांमागून पत्रं लिहिली. त्रैक्य म्हणजे एकात तीन, हे मला समजत नाही. येशूच्या चमत्कारिक जन्माबद्दल मला शंका आहे. पुरोहितांच्या जोखडातून मी नुकती सुटले आहे, आता चर्चच्या अधिकाऱ्यांचं नवं जोखड मानेवर घेणार नाही. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कशासाठी? मला लॅटिन येत नाही. मनोरमेला काय शिकवायचं यावरूनही खटके उडाले. सिस्टर जेराल्डिनना यात अहंकार दिसला. बील बाईंनी मात्र तुलनेनं शांतपणे ऐकून घेतलं. त्या स्वतः मोठ्या शंकेच्या काळातून गेलेल्या होत्या.

इथे आपल्या वाचकांना एक सूचना करायला हवी. हे वाचताना आपल्यातल्या अनेकांच्या मनात लगेच येईल, 'बघा, ही तर तौहीदच्या जवळ आली होती!' मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण तो मुनाझऱ्याचा मोह आहे. रमाबाई पुढे मुसलमान झाल्या नाहीत, एकेश्वरी पंथातही गेल्या नाहीत. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त मात्र बऱ्याच वर्षांनी भेटला, असं त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलं. शेवटची वर्षं त्यांनी बायबलचा मूळ भाषांतून मराठी अनुवाद करण्यात घालवली. त्यांच्या शंका म्हणजे दुसऱ्याच्या किल्ल्याला पडलेलं भगदाड नव्हे. शंका घेत घेतच त्या आपल्या श्रद्धेपर्यंत पोहोचल्या. त्या शंका आपण दारूगोळा म्हणून वापरल्या, तर बाईंचा मुद्दाच आपल्या हातून निसटेल.

आता या दोन वाटा एकमेकींना कुठे भेटतात ते पाहू. रमाबाईंनी 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. पैसा अमेरिकेतून येई. वचन असं होतं की मुलींना कोणताही धर्म शिकवला जाणार नाही. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळावर होते. पण रमाबाई आपली प्रार्थना खोलीचं दार उघडं ठेवून करत आणि काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसत. यावरून 'केसरी'नं रान उठवलं. दार बंद करा, ही मागणी रमाबाईंनी मानली नाही. 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दोन्ही बाजूंत तथ्य होतं, हे आज मान्य करायला हरकत नसावी. आपल्या घरात आपली प्रार्थना लपवून करावी लागणं हा अन्याय आहे. आणि ज्या मुलीला जगात दुसरा आसरा नाही, तिच्या 'आपण होऊन येण्या'त किती मोकळीक असते, हा प्रश्नही खोटा नाही.

शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. 11 मार्च 1893 रोजी तिचा पुनर्विवाह झाला तो फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्व्यांशी. गोदूबाईची आनंदीबाई झाली. पुढे लोक तिला बाया कर्वे म्हणू लागले. मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. ज्या कॉलेजात कर्वे शिकवत होते, तिथे 1892 पासून आगरकर प्राचार्य होते. कर्वे स्वतः अज्ञेयवादी वळणाचे. ईश्वराविषयी फार बोलायचे नाहीत, भांडायचे तर त्याहून नाहीत.

म्हणजे बघा, एका ख्रिस्ती बाईनं आसरा देऊन शिकवलेली विधवा, आणि तिच्याशी लग्न करणारा, आगरकरांच्या सहवासातला, देवाबद्दल मौन पाळणारा मास्तर. ईश्वर आहे की नाही, यावर रमाबाई आणि आगरकर यांचं कधीच एकमत झालं नसतं. तरी त्यांच्या कामाचे धागे या एका संसारात येऊन मिळाले.

1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. शारदा सदनावर लोकांचा विश्वास उरला नव्हता आणि विधवांची गरज तर होतीच. 1900 मध्ये आश्रम शहरातून हिंगण्याच्या माळावर गेला. रावबहादूर गोखल्यांनी जागा दिली, तिच्यावर झोपडी उभी राहिली. कॉलेज सुटलं की कर्वे शहरातून चालत चिखल तुडवत तिथे जात. आज त्या हिंगण्याला आपण कर्वेनगर म्हणतो. पुतळ्यापासून ते हाकेच्या अंतरावर आहे. महिला विद्यालय आणि 1916 चं महिला विद्यापीठ याच खटपटीतून उभं राहिलं.

पण इथेही सगळं गोड नव्हतं. देव न मानणाऱ्याचं दार रुंद असेल असं आपल्याला वाटतं. सुरुवातीला कर्व्यांच्या आश्रमाचं दार ब्राह्मण विधवांपुरतंच उघडं होतं. समाजाचा विश्वास टिकावा म्हणून त्यांनी पुनर्विवाहाची चळवळही आश्रमापासून दूर ठेवली. त्याच काळात रमाबाई दुष्काळी भागांत जाऊन कोणत्याही जातीच्या मुली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणत होत्या. तिथे जात विचारत नसत, पण बहुतेक मुली ख्रिस्ती होत. एका दाराशी जात आडवी आली, दुसऱ्या दाराच्या आत धर्म वाट पाहत होता. नुसत्या श्रद्धेनं किंवा नुसत्या अश्रद्धेनं माणूस मोठा होत नाही, हे मला या दोन दारांकडे पाहून कळलं.

आता आपल्या घराकडे वळू. 22 मार्च 1970 रोजी याच पुण्यात हमीद दलवाईंनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांच्यासोबत होते अ. भि. शहा, धर्म न मानणारे विचारवंत. दलवाईंशी माझे मतभेद आहेत, ते मी या ब्लॉगवर पूर्वीही मांडले आहेत. पण 1966 मध्ये तोंडी तलाकाविरुद्ध सात मुस्लिम बायकांचा मोर्चा घेऊन तो माणूस विधिमंडळावर गेला, तेव्हा त्या सात जणींचं दुःख खरं होतं. आपण त्यांच्या दुःखावर बोललो नाही, दलवाईंच्या ईमानावर बोललो. मे 1977 मध्ये ते वारले. कोणताही धार्मिक विधी करू नये अशी त्यांची इच्छा होती, आणि आपल्या मोहल्ल्यांत चर्चा झाली ती त्या शेवटच्या दिवसाचीच.

त्याच 1977 साली रमाबाईंची ती सगळी पत्रं पुस्तकरूपानं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापली. सिस्टर जेराल्डिननी जपून ठेवलेल्या या पत्रांचे संपादक होते अ. भि. शहा. एका अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती बाईचा शब्दन् शब्द एका नास्तिकानं जपून आपल्यापर्यंत पोहोचवला. तिची श्रद्धा त्याला मान्य नव्हती. तिचा प्रामाणिकपणा मान्य होता.

आपण म्हणू, हे त्यांचं झालं, आपल्यात शंकेला जागा कुठे? आहे. इमाम गझालींनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, की जवळजवळ दोन महिने त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता, डोळ्यांवरही नाही आणि बुद्धीवरही नाही. आज आपण त्यांना 'हुज्जतुल इस्लाम' म्हणतो. आणि सूरह बकरात हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम आपल्या रबकडे मेलेल्याला जिवंत कसं करतोस ते दाखव म्हणून मागणं मागतात. तुझा विश्वास नाही का, असं विचारल्यावर ते म्हणतात, आहे, पण मनाला स्वस्थता हवी. त्यांना झिडकारलं गेलं नाही. चार पक्षी घे, असं सांगितलं गेलं. पैगंबराच्या प्रश्नाला जिथे उत्तर मिळतं, तिथे एकोणीस वर्षांच्या पोराच्या प्रश्नावर आपण दार का आपटावं?

मी ईमानवाला माणूस आहे. माझ्या भाच्याला अल्लाहची ओळख पटावी, ही माझी दुआ आहे आणि राहील. पण ती पटेपर्यंत, किंवा नाही पटली तरी, तो माझा भाचाच आहे. मागच्या रविवारी त्याला घेऊन हिंगण्याला गेलो. संस्थेच्या आवारात कर्व्यांची जुनी झोपडी दाखवली आणि वरची सगळी गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामू, पण रमाबाई आणि आगरकर यांच्यात बरोबर कोण होतं?"

मी म्हणालो, माझ्या मते देव आहे म्हणणाऱ्या रमाबाई. तो म्हणाला, माझ्या मते आगरकर. मग आम्ही कर्वेनगरच्या चौकात उभं राहून चहा घेतला. घरी निघताना तो म्हणाला, "अम्मीला मी स्वतः सांगीन. तुम्ही फक्त तिथे बसा."

या शुक्रवारी नमाजनंतर जाणार आहे.