मोतीबिंदूची सुई आणि नेत्रवैद्याची वही



ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, आजोबाच्या डोंगराच्या अलीकडे डोळखांब हे गाव आहे. नाव घेतले की आधी ‘डोळा’ ऐकू येतो. नावाची व्युत्पत्ती काय असेल ती असो. पण डोळखांबच्या किंवा शेजारच्या मुरबाडच्या पाड्यांवर गेलात, तर डोळ्याविषयीचे एक वाक्य तुमच्या कानी पडल्याशिवाय राहावयाचे नाही. ओटीवर म्हातारी बसलेली असते. समोरून कोण आले हे तिला आवाजावरून ओळखावे लागते. आणि घरातली मंडळी सांगतात, “आईला मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही. पिकला की नेऊ.”

हे वाक्य खरे की खोटे? उत्तर असे, की एके काळी ते खरे होते. आज ते खरे नाही. हा फरक कसा पडला हे समजावयाचे, तर डोळ्याच्या वैद्यकाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे.

आपल्या देशात डोळ्याच्या रोगांचा पद्धतशीर विचार सुश्रुतसंहितेत झालेला आहे. तिच्या उत्तरतंत्रात डोळ्याचे ७६ रोग सांगितले आहेत. त्यांपैकी लिंगनाशाचा एक प्रकार, म्हणजे कफापासून होणारा, तोच आपला मोतीबिंदू असे समजले जाते. त्यावरची शस्त्रक्रियाही दिली आहे. रोग्याने नाकाच्या शेंड्याकडे पाहावे. वैद्याने जवाच्या टोकासारखी धार असलेली शलाका घ्यावी. डावा डोळा उजव्या हाताने आणि उजवा डोळा डाव्या हाताने वेधावा. रोग्याला समोरचे पदार्थ दिसू लागले, की शलाका हलकेच काढून घ्यावी.

आता प्रत्यक्षात होत असे ते काय? आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक स्वच्छ भिंग असते. वयाबरोबर ते गढूळ होते. तोच मोतीबिंदू. काच मळली की खिडकीतून उजेड येत नाही, तसा हा प्रकार. शलाकेने हे गढूळ भिंग जागेवरून ढळे आणि डोळ्यातच खाली बसे. वाट मोकळी झाली, की उजेड आत जाई. आंधळा माणूस बसल्या जागी बोटे मोजू लागे. पाहणाऱ्याला हा चमत्कारच वाटावयाचा!

पण सुश्रुतसंहितेतला पुढचा भाग लोकांच्या ध्यानात राहिला नाही. शलाका काढल्यावर तुपात भिजवलेला कापूस डोळ्यावर ठेवावा, पट्टी बांधावी, रोग्याने उताणे निजावे, खोकणे, शिंकणे, थुंकणे टाळावे, दर तीन दिवसांनी डोळा काढ्याने धुवावा, दहा दिवस पथ्य सांभाळावे, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. शलाका सदोष असली तर कोणते बिघाड होतात, तेही मांडले आहे. थोडक्यात, सुईइतकेच महत्त्व सुईनंतरच्या दिवसांना होते.

पुढच्या शतकांत सुई राहिली आणि ते दिवस गळून पडले. देशभर सुई घेऊन फिरणारे नेत्रवैद्य असत. त्यांच्यापैकी कित्येकांच्या हाताला विलक्षण सफाई होती यात शंका नाही. ते गावात येत, दोन-चार डोळे उघडत, रोग्याला दिसू लागले की बिदागी घेत आणि पुढच्या गावाला निघून जात. डोळ्यात पू व्हावयाचा तो चौथ्या-पाचव्या दिवशी. सरकलेल्या भिंगाने डोळ्याचा दाब वाढावयाचा तो काही आठवड्यांनी. तोवर वैद्य दहा गावे पुढे गेलेला. रोग्याने दैवाला बोल लावला; वैद्याला मात्र आपला हात यशस्वीच वाटला. आपले काम कोठे फसले हे ज्याला कधी कळतच नाही, तो सुधारणार कसा? हा दोष हाताचा नव्हे. पुन्हा येऊन न पाहण्याचा आहे.

युरोपातही काही वेगळे नव्हते. तेथेही फिरते वैद्य सुईनेच भिंग सरकवीत, आणि आपण भिंग सरकवतो आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हते. कारण पाहणे म्हणजे काय, हेच नीट कळलेले नव्हते. ग्रीकांपैकी अनेकांची समजूत अशी, की डोळ्यातून किरण बाहेर पडतात आणि वस्तूला जाऊन स्पर्श करतात. अकराव्या शतकाच्या आरंभी कैरो येथे इब्न अल-हैथम याने दाखवून दिले, की किरण बाहेर जात नाहीत, उजेड वस्तूवरून डोळ्यात येतो. तरीही भिंग हेच पाहण्याचे मुख्य स्थान, हा समज टिकून राहिला. १६०४ साली योहान्नेस केप्लर याने गणिताने मांडले, की भिंगाचे काम उजेड एकत्र आणण्याचे. चित्र उमटते ते मागच्या पडद्यावर, आणि तेही उलटे.

ही पुस्तकी गोष्ट झाली असे वाटेल. पण पाहा, भिंग हेच पाहण्याचे स्थान असेल, तर ते काढून टाकण्याचा विचार कोण करील? केप्लरने ती भीती घालवली. पुढे १७०५ साली पिएर ब्रिसो या फ्रेंच डॉक्टराने एका मृत सैनिकाचा डोळा कापून पाहिला आणि सांगितले, की मोतीबिंदू म्हणजे डोळ्यात उतरलेले पाणी किंवा पडदा नव्हे, तर गढूळ झालेले भिंगच होय. आणि १७४७ साली झाक दाव्हिएल याने बुबुळाला चीर देऊन ते भिंग डोळ्याबाहेर काढले. सरकवण्याच्या जागी काढून टाकणे आले.

हे नवे ज्ञान आपल्याकडे कसे उतरले याची एक खूण फार दूर, पण आपल्याच माणसांच्या दरबारात सापडते. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापन केले. त्या गादीवर १७९८ साली सरफोजीराजे, दुसरे, बसले. पुढच्याच वर्षी तहाने राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेला. राजाजवळ उरले ते तंजावर आणि भरपूर वेळ. अशा वेळी दुसरा एखादा विलासात बुडाला असता. सरफोजीराजांनी ग्रंथ जमवले. सरस्वती महाल ग्रंथालय आज जे आहे, ते मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांनी ‘धन्वंतरी महाल’ काढला. तेथे देशी वैद्य आणि युरोपीय वैद्यक जाणणारे लोक एकत्र काम करीत.

या धन्वंतरी महालातील डोळ्याच्या रोग्यांचे कागद शिल्लक राहिले आहेत. ते १८२७ च्या सुमाराचे, म्हणजे सरफोजीराजांच्या अखेरच्या वर्षांतील आहेत. अलीकडे नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. रोग्याच्या डोळ्याची अवस्था, त्यावर केलेला उपचार, आणि जोडीला त्या डोळ्याचे रंगीत चित्र, असे त्यांचे स्वरूप आहे. छायाचित्राची कला तेव्हा कोणालाच उपलब्ध नव्हती. म्हणून चित्रकाराच्या हातून डोळा उतरवून घेतला. राजे स्वतः शस्त्रक्रिया करीत अशी परंपरागत माहिती सांगतात. ते असो. माझ्या मते राजाने हाती सुई धरली की नाही यापेक्षा, त्याने वही ठेवविली, ही गोष्ट मोठी. फिरत्या वैद्याजवळ जे नव्हते ते नेमके हेच. ज्याचा कागद झाला, त्या रोग्याकडे कोणाला तरी पुन्हा पाहावे लागले.

तंजावरची वही राजाबरोबर थांबली. १८३२ साली सरफोजीराजे वारले. मात्र १८४५ साली मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि जमशेटजी जीजीभाई रुग्णालय सुरू झाले, आणि पुढे सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून तेथेच डोळ्यांचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. रुग्णालय म्हटले की खाट आली, खाटेवरचा कागद आला, आणि चौथ्या दिवशी पट्टी सोडून पाहणे आले.

त्याच काळात तीन शोध असे लागले, की डोळ्याच्या वैद्यकाचे रूप पालटले. १८५१ साली हेल्महोल्ट्झ याने जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा पाहण्याचे यंत्र जाहीर केले. १८६७ साली लिस्टरने जखमेत पू होऊ न देण्याची रीत मांडली. १८८४ साली कार्ल कोलर याने कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखवला. तोवर ही शस्त्रक्रिया माणूस शुद्धीवर असताना, वेदना सोशीतच होत असे.

मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री एलियट यांनी सुईने ‘उघडलेल्या’ शेकडो डोळ्यांचा हिशेब मांडून १९१७ साली लंडनला व्याख्याने दिली. त्या हिशेबात वाचलेल्या डोळ्यांपेक्षा गेलेले डोळे फार अधिक निघाले. गावोगावच्या चमत्काराची ही दुसरी बाजू. कोणी मोजली तेव्हाच ती दिसली.

आता ‘पिकण्या’कडे येऊ. जुन्या रीतीने भिंग काढताना ते पुरते कठीण आणि पांढरे झालेले असले, तर स्वच्छ निघून येई. कच्चे असले तर त्याचा चिकट भाग आत राहून डोळा बिघडे. शिवाय धोका इतका, की थोडेफार दिसते तोवर डॉक्टरही हात लावीत नसत. म्हणून ‘पिकू द्या’ हा सल्ला त्या काळी शहाणपणाचाच होता.

पुढे हॅरल्ड रिडली या इंग्रज डॉक्टराने पाहिले, की लढाऊ विमानाच्या काचेचे, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचे, कण वैमानिकांच्या डोळ्यात घुसले तरी डोळा ते सोसतो. त्यावरून १९४९ साली त्याने कृत्रिम भिंग डोळ्यात बसवले. आज लहानशा चिरेतून गढूळ भिंग काढतात आणि तेथेच नवे बसवतात. १९७६ पासून अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू आहे. त्यातून सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते. तेव्हा आता पिकण्याची वाट पाहावयाची नाही. सुईत दोरा ओवता येत नाही, तांदळातला खडा दिसत नाही, चुलीपाशी हात भाजतो, एवढे झाले की डोळा दाखवावा. फार पिकलेले भिंग काढावयास अवघड जाते. कधी ते फुगून डोळ्याचा दाब वाढतो, आणि मग गेलेली दृष्टी परत येत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवसही विसरू नका. नेमून दिलेले थेंब वेळेवर घालावेत, डोळा चोळू नये, आणि तपासणीला ज्या दिवशी बोलावले, त्या दिवशी जावेच. “दिसतंय की चांगलं, आता एसटीचं भाडं कशाला घालवायचं?” असा विचार मनात येतो. पण दिसू लागले म्हणजे काम संपले, हीच त्या फिरत्या वैद्याची समजूत होती. डोळा लाल झाला, ठणकू लागला किंवा दिसणे कमी झाले, तर नेमलेल्या तारखेचीही वाट न पाहता त्याच दिवशी गाठावे.

हीच गोष्ट भाताच्या कुसळाची. कापणीच्या आणि झोडणीच्या दिवसांत डोळ्याला कुसळ लागते, बुबुळावर ओरखडा उठतो. त्यावर पाल्याचा रस, मध किंवा अंगावरचे दूध घातले, तर ओरखड्यात जंतू किंवा बुरशी धरण्याचा धोका वाढतो, आणि शेवटी फूल पडते. स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

शेवटी दोन शब्द शिक्षकबंधू-भगिनींसाठी. १८६२ साली हर्मन स्नेलेन या डच डॉक्टराने लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता केला. सहा मीटरवर तो टांगला, एकेक डोळा झाकून मुलाला वाचावयास लावले, की दृष्टी मोजता येते. मुलाचा एक डोळा अधू असेल, तर दुसऱ्यावर काम निभावते. मूल तक्रार करीत नाही, आणि आपण त्याला मठ्ठ ठरवून मोकळे होतो. अशा डोळ्यावर सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाला तर तो चांगला सुधारतो. पुढे कठीण होते. म्हणून वर्षारंभी हजेरीपत्रकाशेजारी एक साधी वही ठेवा. मुलाचे नाव, उजवा डोळा, डावा डोळा, तारीख. कोणाला रुग्णालयात पाठवले, चष्मा मिळाला का, तो वापरतो का, हे दिवाळीनंतर पुन्हा पाहा आणि त्याच ओळीपुढे लिहा.

तंजावरच्या राजाला यासाठी महाल आणि चित्रकार लागले. आपल्याला दोन रेघांची वही पुरे आहे.