पीएफची उचल ऑनलाइन अडकली? अर्ज रिजेक्ट का होतो आणि कुठं काय दुरुस्त करायचं

बोरी (ता. जिंतूर) : आपल्या भागातून चाकण, रांजणगाव, वाळूजला कंपनीत गेलेली पोरं घराघरात आहेत. पगारातून दर महिन्याला पीएफ कटतो. तो कटतो तोवर कुणाला काही वाटत नाही. घरात दवाखाना निघाला, बहिणीचं लग्न ठरलं, की मग मोबाइलवर अर्ज भरायला घेतात आणि तिथंच गाडी अडते. मागच्या वर्षी माझ्या चुलतभावाचं असंच झालं. वहिनीचं पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन, गरज ४० हजारांची, पासबुकात ७० हजार. दोन वेळा अर्ज नामंजूर झाला. शेवटी तीन रुपये शेकड्याने बाहेरून पैसे उचलले, म्हणजे महिन्याला १२०० रुपये नुसतं व्याज. आणि चूक निघाली एवढीच, की आधारवर आडनाव शेवटी होतं आणि पीएफमध्ये आडनाव आधी. त्यानंतर गावातल्या बऱ्याच जणांचे अर्ज सोबत बसून भरले. त्यातून जे कळलं ते इथं देतोय.

पहिल्यांदा एक गोष्ट. लोक याला 'पगारावरचं सरकारी लोन' म्हणतात, पण हे लोन नाही. फॉर्म ३१ वरून मिळणारी ही आपल्याच पैशातली उचल आहे. हप्ता नाही, परतफेड नाही, पण जेवढी काढली तेवढी म्हातारपणची रक्कम कमी होते. वर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होतं, ते काढलेल्या रकमेवर पुढं मिळत नाही. (जिल्हा परिषदेचे गुरुजी आणि सरकारी नोकर यांचा जीपीएफ वेगळा. त्यांनी कार्यालयामार्फतच अर्ज करायचा, या पोर्टलवर त्यांचं काम नाही.)

पैसे किती जमतात, हेही पाहून घ्या. मूळ पगार १२ हजार असेल तर तुमचे १२ टक्के म्हणजे १४४० रुपये कटतात. कंपनीही १४४० भरते, पण त्यातले ८.३३ टक्के म्हणजे साधारण १००० रुपये पेन्शनमध्ये जातात आणि ४४० पीएफमध्ये. उचल मिळते ती पीएफमधून, पेन्शनच्या रकमेतून नाही. "पासबुकात दिसतंय तेवढं मिळत का नाही" या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे.

ओटीपीच येत नाही

सगळ्यात जास्त लोक इथं अडकतात. अर्ज शेवटी आधारच्या ओटीपीने सही होतो आणि हा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो, यूएएनला जोडलेल्या नंबरवर नाही. जुनं सिम बंद पडलेलं असतं. आधी आधार केंद्रावर जाऊन नंबर बदला, ऑक्टोबर २०२५ पासून त्याचं शुल्क ७५ रुपये आहे. दुसरा प्रकार याहून वाईट. ठेकेदाराच्या माणसाने भरती करताना यूएएनमध्ये स्वतःचाच नंबर टाकलेला असतो. पासवर्डही त्याच्याच वहीत. अशा वेळी लॉगिनच्या पानावर 'फरगॉट पासवर्ड' दाबा, नाव, जन्मतारीख आणि आधार देऊन आपला नंबर टाका. १२ आकडी यूएएन माहीत नसेल तर पगाराच्या स्लिपवर बघा, पोर्टलवरही 'नो युवर यूएएन' आहे.

नाव आणि जन्मतारीख

आपल्याकडं हा घोळ घरोघरी. शाळेत ज्ञानोबा, आधारवर ज्ञानेश्वर. बापाचं नाव एकीकडं पूर्ण, दुसरीकडं नुसतं आद्याक्षर. जन्मतारीख तर गुरुजींनी टाकलेली १ जून, आणि आधार काढताना कुणीतरी १ जानेवारी सांगितलेली. कॉम्प्युटरला ही दोन माणसं वाटतात. आधार, पॅन, बँक आणि पीएफ या चारही ठिकाणी इंग्रजी स्पेलिंग अक्षर न अक्षर सारखं पाहिजे.

दुरुस्ती 'मॅनेज'मध्ये 'जॉइंट डिक्लेरेशन' या ठिकाणी होते. यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर निघालेला असेल आणि आधार पडताळलेलं असेल, तर जानेवारी २०२५ पासून नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव, नोकरीला लागल्याची नि सोडल्याची तारीख सभासद स्वतः बदलू शकतो, कंपनीच्या पाया पडायची गरज नाही. त्याआधीचा यूएएन असेल तर अर्ज कंपनीकडं जातो आणि तिथून पुढं. जन्मतारखेसाठी टीसी किंवा दहावीची सनद हाताशी ठेवा. निस्तं आधार त्यासाठी पुरावा म्हणून जानेवारी २०२४ पासून धरत नाहीत.

माझं सांगणं असं, की आधी आधार बरोबर आहे का ते बघा आणि मग पीएफ त्याच्याशी जुळवा. उलटं केलं तर दोनदा हेलपाटे.

बँक खातं

"बँक केवायसी नॉट अप्रूव्ड" किंवा पैसे जाऊन परत आले, हा पुढचा अडथळा. परभणी जिल्ह्यात याचं एक खास कारण आहे. स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, पण आपण आजही तिला हैदराबाद बँकच म्हणतो आणि जुन्या पासबुकावरचा आयएफएससी कोड तसाच टाकतो. सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात गेली, तिथंही तेच. म्हणून पासबुक नवीन छापून घ्या आणि त्यावरचाच कोड टाका.

खातं स्वतःच्या नावाचं पाहिजे. बायकोसोबत किंवा नवऱ्यासोबत जॉइंट चालतं, बापासोबत किंवा भावासोबतचं चालत नाही. वर्षानुवर्षं व्यवहार नसलेलं खातं आधी बँकेत जाऊन चालू करून घ्या. एप्रिल २०२५ पासून चेकचा किंवा पासबुकाचा फोटो अपलोड करायची अट काढली आहे आणि बँक खातं जोडायला कंपनीची मंजुरीही लागत नाही. कुणी सेंटरवाला "चेकचा फोटो पुसट आहे म्हणून रिजेक्ट झालं, परत भरावं लागंल" म्हणत असेल, तर त्याला ही तारीख सांगा.

ठेकेदार बदलले, खाती वाढली

ठेका दरवर्षी बदलला की नवा मेंबर आयडी निघतो. 'व्ह्यू'मध्ये 'सर्व्हिस हिस्ट्री' उघडा. तिथं तीन-चार नावं दिसली आणि जुन्यांपुढं नोकरी सोडल्याची तारीख कोरी असेल, तर जुना पैसा तिथंच पडून राहतो आणि नोकरीची वर्षंही तुटक मोजली जातात. सोडल्याची तारीख 'मार्क एग्झिट'मधून स्वतः टाकता येते, फक्त शेवटचा हप्ता भरून दोन महिने झालेले पाहिजेत. मग 'वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट'मधून जुनी रक्कम चालू खात्यात ओढून घ्या, मगच उचलीचा अर्ज करा. गडबडीत हे उलटं केलं की थोडीच रक्कम हातात पडते.

कुठला फॉर्म?

नोकरी चालू असताना फॉर्म १९ भरू नका, तो हिशोब पूर्ण करायचा आहे. पेन्शनच्या रकमेसाठी १०सी. उचलीला फक्त ३१. कारणं आधी १३ प्रकारची होती, आजारपणाला नोकरीच्या मुदतीची अट नव्हती, लग्न-शिक्षणाला ७ वर्षं लागायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने हे प्रकार तीनवर आणायचं, १२ महिन्यांची नोकरी पुरेशी धरायची आणि खात्यात २५ टक्के शिल्लक ठेवायची असं ठरवलं. अर्ज भरताना स्क्रीनवर जे पर्याय उघडतात त्यातूनच निवडा, जुन्या व्हिडिओंवर जाऊ नका.

५ लाखांपर्यंतची उचल जून २०२५ पासून आपोआप मंजुरीत बसते, साधारण तीन दिवसांत. पण केवायसी पूर्ण असेल तरच. अर्ज रिजेक्ट झाला की 'ट्रॅक क्लेम स्टेटस'मध्ये कारण इंग्रजीत लिहिलेलं असतं. ते न वाचता तोच अर्ज पुन्हा भरणारे बरेच आहेत. चुलतभावानेही दुसऱ्यांदा तेच केलं होतं. स्क्रीनशॉट काढा, वाचता येत नसेल तर गावातल्या कॉलेजच्या पोराला दाखवा.

पासबुकात पैसाच नाही

हे मात्र वेबसाइटचं दुखणं नाही. पगाराच्या स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात त्या महिन्यापुढं काही नाही, म्हणजे मालकाने किंवा ठेकेदाराने भरणा केलेला नाही. कायद्याने हा गुन्हा आहे. पगाराच्या स्लिपा जपा, त्याच पुरावा. नोंदणी केलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस कॉल दिला तर शेवटचा भरणा आणि शिल्लक मेसेजने येते, फुकट. महिन्यातून एकदा हा मिस कॉल द्यायची सवय लावून घ्या, म्हणजे दोन वर्षांनी डोक्याला हात लावायची वेळ येत नाही.

तक्रार 'ईपीएफआयजीएमएस' या सरकारी तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून करता येते. हेल्पलाइन १४४७०. शिवाय दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' हा मेळावा जिल्ह्यांत होतो, पीएफचे अधिकारी समोर बसून तक्रार घेतात. सुट्टी असेल तर पुढच्या दिवशी. ठिकाण हेल्पलाइनवर विचारून मगच निघा, बोरीहून परभणीचं भाडं वाया जायला नको.

अर्जाला सरकारी फी एक रुपयाही नाही. सेंटरवर टायपिंगचे पैसे द्या, हरकत नाही, पण रकमेच्या दहा टक्के मागणाऱ्याला हात जोडा. ओटीपी आपल्याच हाताने टाका आणि काम झालं की तिथल्या कॉम्प्युटरवरून लॉगआउट करून उठा. पीएफ ऑफिसातून बोलतोय म्हणून फोन आला आणि ओटीपी मागितला, तर फोन ठेवून द्या. ऑफिस फोनवर ओटीपी मागत नाही.