विणकरांची नाताळची मैफल

सन 1955 च्या डिसेंबर महिन्याची 24 वी तारीख. नाताळच्या आदल्या दिवशीं न्यूयॉर्कचा गृहस्थ आपल्या मुलाबाळांत रमलेला असावयाचा. तरीहि त्या दिवशीं कार्नेगी हॉल या विख्यात संगीतमंदिराच्या सुमारें 2,800 जागा भरून गेल्या आणि तिकीट न मिळाल्यामुळें कित्येकांना दारांतूनच परत फिरावें लागलें. रंगमंचावर आलीं तीं माणसें अवघीं चार, आणि त्यांच्याजवळ मुख्य साथ म्हणाल तर एक बँजो व एक गिटार. ज्यांचें गाणें नभोवाणीवरून नाहींसें झालें होतें, ज्यांच्या तबकड्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या होत्या, असे हे गायक तीन वर्षांनीं पुन्हां एकत्र उभे राहत होते. त्या मैफलीचें जें ध्वनिमुद्रण झालें तें 1957 मध्यें ‘द वीव्हर्स ॲट कार्नेगी हॉल’ या नांवानें प्रसिद्ध झालें. लोकगीतांवर प्रेम करणाऱ्या रसिकांच्या संग्रहांत ही तबकडी मानाचें स्थान मिळवून बसली आहे.

वीव्हर्स म्हणजे विणकर. सायलेशियांतील विणकरांनीं 1844 मध्यें केलेल्या उठावावर गेऱ्हार्ट हौप्टमान या जर्मन नाटककारानें नाटक लिहिलें होतें. त्यावरून हें नांव घेतलें गेलें. नांवांतच मंडळींचा कल दिसतो. मंडळ स्थापन झालें 1948 मध्यें. त्यांतील पीट सीगर व ली हेज हे दोघे जुने सहकारी. महायुद्धाच्या आरंभीच्या काळांत ‘अल्मनॅक सिंगर्स’ नांवाच्या मेळ्यांतून ते कामगारांच्या सभांत गात असत. हेज हे आर्कान्सा प्रांतांतील एका मेथॉडिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव. खर्जांतला भारदस्त आवाज आणि प्रवचनकाराची बोलण्याची लकब हा त्यांचा वडिलोपार्जित ठेवा. सीगर यांचा आवाज उंच व टोकदार, आणि त्यांचा बँजो तीन पडदे जास्त घालून मुद्दाम लांब केलेला. फ्रेड हेलरमन गिटार वाजवीत व मधल्या पट्टींत गात. रॉनी गिल्बर्ट या एकट्या बाईंचा सूर मात्र असा भरदार व तेजस्वी कीं तिघा पुरुषांच्या घोळक्यांत तो कोठेंहि दबत नसे.

1949 च्या अखेरीस न्यूयॉर्कमधील ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या लहानशा रंजनगृहांत त्यांना काम मिळालें. चौघांत मिळून आठवड्याला 200 डॉलर व वर खाणें फुकट, असा ठराव होता असें सांगतात. तेथें गॉर्डन जेंकिन्स या वाद्यवृंदनायकानें त्यांना ऐकलें आणि त्याच्याच आग्रहामुळें डेक्का कंपनीनें त्यांच्याशीं करार केला. 1950 मध्यें निघालेली ‘गुडनाइट आयरीन’ ही तबकडी 13 आठवडे खपाच्या यादींत अग्रभागीं राहिली. हें गाणें ज्याच्या तोंडून जगाला मिळालें तो लेडबेली हा निग्रो गायक, हडी लेडबेटर, 6 डिसेंबर 1949 रोजीं दारिद्र्यांतच निवर्तला होता. कीर्ति त्याच्या दारीं आली ती सहा-सात महिने उशिरानें.

डेक्काच्या या तबकड्या आज ऐकल्या तर एक गोष्ट खटकल्यावांचून राहत नाहीं. जेंकिन्स यांनीं चौघांच्या आवाजाभोंवतीं व्हायोलिनांचा व समूहस्वरांचा एवढा मखमली पडदा टांगला आहे कीं शेतांतलें गाणें दिवाणखान्यांत आणून बसविल्यासारखें वाटतें. आयरीनच्या मूळ शब्दांतील खडबडीतपणाहि थोडा घांसून घेण्यांत आला होता. त्या सजावटीवांचून हीं गाणीं घरोघर पोंचलीं नसतीं हें खरें. पण पोंचलें तें गाणें किती आणि सजावट किती, हा प्रश्न त्या वेळींहि जाणकार विचारीत होते. त्याचें उत्तर पुढें कार्नेगी हॉलमध्यें मिळावयाचें होतें.

दरम्यान वारें फिरलें. जून 1950 मध्यें ‘रेड चॅनल्स’ नांवाची एक पुस्तिका निघाली. नभोवाणी व दूरचित्रवाणी या धंद्यांतील ज्या लोकांवर साम्यवादाचा संशय, अशांचीं नांवें तींत छापलेलीं होतीं, आणि सीगर यांचें नांव त्यांत होतें. फेब्रुवारी 1952 मध्यें हार्वे मॅट्युसो या खबऱ्यानें अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढें साक्ष दिली कीं चौघांपैकीं तिघे साम्यवादी पक्षाचे सभासद आहेत. पुढें 1955 मध्यें याच गृहस्थानें पुस्तक लिहून आपण अनेकांविरुद्ध खोट्या साक्षी दिल्याचें कबूल केलें व त्याला तुरुंगाची वाटहि धरावी लागली. परंतु बोलून गेलेला शब्द परत घेतां येतो, गेलेलें काम परत येत नाहीं. सीगर एके काळीं पक्षाचे सभासद होते ही गोष्ट त्यांनीं स्वतःच पुढें मान्य केली आहे; म्हणून येथें निरागसतेचा दावा करण्याचें कारण नाहीं. वाद होता तो एवढाच, कीं माणसाच्या मतासाठीं त्याचें गाणें बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे काय? न्यायालयांत आरोप नाहीं, पुरावा नाहीं, शिक्षा मात्र चालू. कार्यक्रम रद्द होऊं लागले, डेक्कानें संबंध तोडला, आणि 1952 च्या अखेरीस मंडळाचें काम थांबलें. सीगर शाळा-महाविद्यालयांतून आणि मुलांच्या शिबिरांतून गात फिरूं लागले.

ऑगस्ट 1955 मध्यें हेज व सीगर या दोघांनाहि समितीनें न्यूयॉर्क येथें पाचारण केलें. हेज यांनीं घटनेच्या पांचव्या दुरुस्तीचा आश्रय घेतला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास कोणालाहि भाग पाडतां येत नाहीं, असें तें कलम; त्याचा आधार घेणारास सहसा तुरुंग दिसत नसे. सीगर यांनीं ती ढाल नाकारली. आपण कोठें गाइलों, कोणाबरोबर गाइलों, आपलीं मतें काय, हे प्रश्न कोणत्याहि नागरिकास विचारणेंच अयोग्य आहे, अशी भूमिका त्यांनीं घेतली. वाटल्यास गाणीं म्हणून दाखवितों असेंहि ते म्हणाले. समितीला गाणीं नको होतीं. म्हणजे डिसेंबरमध्यें सीगर जेव्हां रंगमंचावर आले तेव्हां त्यांच्या डोक्यावर तलवार टांगलेलीच होती. 1957 मध्यें त्यांच्यावर संसदेच्या अवमानाचा आरोप ठेवण्यांत आला, 1961 मध्यें एक वर्षाची शिक्षा झाली, आणि 1962 मध्यें वरिष्ठ न्यायालयानें ती रद्द केली.

अशा काळांत मैफल ठरविण्याचें धाडस केलें तें मंडळाचे व्यवस्थापक हॅरल्ड लेव्हेंथल यांनीं. हे गृहस्थ महायुद्धांत अमेरिकन सैन्याबरोबर हिंदुस्थानांत आले होते, आणि येथें असतांना त्यांनीं महात्माजींची भेट घेतली होती. शिपायाच्या पोशाखांत येऊन गांधींना भेटणारा मनुष्य काळ्या यादीला भिऊन घरीं बसेल हें संभवनीय नव्हतें. एका सभागृहानें नकार दिल्यावर त्यांनीं थेट कार्नेगी हॉल भाड्यानें घेतला. सभागृह रिकामें राहिलें असतें तर ‘लोकांनीं यांना टाकलें आहे’ असें म्हणावयास विरोधकांना आयतेंच निमित्त मिळालें असतें. लोकांनीं तें मिळूं दिलें नाहीं.

आतां त्या तबकडीकडे वळावयास हरकत नाहीं. आरंभ ‘डार्लिंग कोरी’ या डोंगरी गीतानें होतो. बँजोची खणखणीत लय, आणि मग चौघांचे आवाज असे कांहीं एकदम उठतात कीं तीन वर्षांच्या मौनाचा बांध फुटल्याचा भास व्हावा. व्हायोलिनें नाहींत, पडदा नाहीं. प्रत्येक कंठ निराळा ऐकूं येतो. हेज यांचा खर्ज पायाच्या दगडासारखा खालीं, गिल्बर्ट यांचा सूर वर, मध्यें हेलरमन, आणि सीगर तर कोठून डोकावतील याचा नेम नाहीं. सूर क्वचित् हलतो, एखादी तान धांवत सुटते. ते दोष कोणीं पुसून काढले नाहींत हें फार बरें झालें. गाण्यांच्या मध्यें हेज यांचें मिस्किल निवेदन, त्यावर उठणारा हशा, आणि टाळकऱ्यांनीं पालुपद उचलावें तसा श्रोत्यांनीं उचललेला सूर, हें सर्व त्या मेणाच्या रेघांत उतरलें आहे. श्रोते येथें पांचवे गायक आहेत.

वीस गाण्यांची निवडहि पाहण्याजोगी आहे. मेर्ल ट्रॅव्हिस यांनीं रचलेलें ‘सिक्स्टीन टन्स’, म्हणजे मालकाच्याच दुकानाच्या कर्जांत जन्मभर बुडालेल्या कोळसा-कामगाराचें गाणें, त्या नाताळांत टेनेसी अर्नी फोर्ड यांच्या आवाजांत सर्व देशभर वाजत होतें. राष्ट्राला तें करमणूक म्हणून चाललें. तोच विषय या चौघांनीं बोलला म्हणजे राजद्रोह! ‘पे मी माय मनी डाउन’ हें जॉर्जियाच्या किनाऱ्यावरील हमालांचें, मजुरी मागणारें. ‘फॉलो द ड्रिंकिंग गोर्ड’ मधील पाणी पिण्याचा भोपळा म्हणजे आपले सप्तर्षि. पळून जाणाऱ्या गुलामांना उत्तरेची वाट दाखविण्यासाठीं हें गाणें होतें अशी आख्यायिका आहे. ती कितपत खरी याविषयीं संशोधकांत मतभेद आहेत, पण गाण्याची गंभीर चाल आख्यायिकेवर अवलंबून नाहीं. त्यांच्या शेजारींच इंडोनेशियाचें अंगाईगीत ‘सुलिराम’, स्पॅनिश यादवी युद्धांतलें एक पद, आणि ‘शोलोम हावेरिम’ ही हिब्रू निरोपाची ओळ. ‘किसेस स्वीटर दॅन वाइन’ या प्रेमगीताची हकीकत तर गमतीची आहे. त्याची चाल मूळच्या एका आयरिश गाण्याची, आणि तें गाणें होतें मेलेल्या गाईबद्दल शोक करणारें.

‘विमोवे’ संबंधानें मात्र थोडें कठोर बोलणें प्राप्त आहे. सीगर यांचा तारस्वर येथें सभागृहाच्या छताला भिडतो व श्रोते थक्क होतात, हें खरें. परंतु हें गाणें जोहान्सबर्ग येथें 1939 मध्यें सॉलोमन लिंडा या झुलु गायकानें ‘म्बुबे’ म्हणजे सिंह या नांवानें मुद्रित केलें होतें. सीगर यांच्या कानांनीं झुलु शब्द चुकीचा टिपला आणि त्यांतून ‘विमोवे’ हा निरर्थक शब्द जगभर गेला. लिंडा यांनीं हक्क अवघ्या दहा शिलिंगांना दिले होते. ते 1962 मध्यें हलाखींत वारले, आणि त्यांच्या मुलींना कांहीं न्याय मिळाला तो 2006 मध्यें. मजुराच्या हक्काचें गाणें गाणाऱ्यांच्या हातूनहि एका मजुराची मजुरी राहून गेली. ‘लोकगीत’ हा शब्द असा आहे कीं त्याच्या आड कर्त्याचें नांव सहज लपतें.

मुद्रण झालें तरी तें छापणार कोण? तो धीर व्हॅनगार्ड या लहान कंपनीनें केला. मेनर्ड व सीमूर हे सॉलोमन बंधू बाखचें अभिजात संगीत काढीत असत. त्यांनीं ही तबकडी बाजारांत आणली आणि ती उत्तम खपली. नभोवाणीच्या कृपेवांचूनहि संगीत खपतें हें त्यामुळें इतरांच्या ध्यानांत आलें. पुढच्याच वर्षीं किंग्स्टन त्रयीचें ‘टॉम डूली’ गाजलें व लोकगीतांची जी लाट उसळली तिचा उगम या मैफलींत आहे असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्या त्रयींत वीव्हर्सचा साचा होता, पण त्यांच्या मतांचा उपद्रव नव्हता. व्यापाराला तें अधिक मानवलें.

स्वतः मंडळ मात्र फार दिवस एकसंध राहिलें नाहीं. सिगारेटच्या जाहिरातीसाठीं गाण्याचा प्रश्न आला, तिघांचें मत अनुकूल पडलें, आणि सीगर यांनीं त्या सुमारास मंडळ सोडलें. नोव्हेंबर 1980 मध्यें चौघे त्याच कार्नेगी हॉलमध्यें पुन्हां जमले. मधुमेहानें दोन्ही पाय गेलेले हेज चाकांच्या खुर्चींत बसून गाइले, आणि विनोदहि त्यांनीं पूर्वींसारखेच केले. पुढील वर्षाच्या ऑगस्टमध्यें ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांची रक्षा घरच्या बागेंतील खताच्या ढिगांत मिसळण्यांत आली.